कारखाना आपला, मग त्याचे पाणी कोणाचे?

शिरोळकर_सभासद

मागच्या आठवड्यात आमच्या साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. कारखान्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठच्या कोणत्याही सभासदाला आपापल्या कारखान्याचे नाव घालून वाचता येईल.

सभेच्या आठ दिवस आधी मी एक लेखी प्रश्न दिला होता. गेल्या हंगामात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची वीज, रसायने आणि दुरुस्ती यांवर मिळून किती खर्च झाला, आणि तो नफा-तोटा पत्रकात कोणत्या शीर्षाखाली दाखवला आहे, एवढेच मला हवे होते. व्यासपीठावरून उत्तर आले की, कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व निकषांचे काटेकोर पालन करतो. हे वाक्य पुरते संपण्याआधीच पुढच्या चार रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर झाला आणि विषय संपला. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, ‘‘दराचं बोला की अण्णा, पाण्याचं काय घेऊन बसलाय?’’ प्रामाणिकपणे सांगायचे, तर उसाच्या दराचा विषय निघाला तेव्हा मीही उठून बोललो, आणि पाण्यावर बोललो त्यापेक्षा जास्त वेळ बोललो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, तेथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात, आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. या वाटेत कोल्हापूर शहर लागते, शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते, इचलकरंजी लागते आणि साखर कारखाने लागतात. दर उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याच्या आसपास मेलेले मासे पाण्यावर तरंगतात. मग प्रदूषण मंडळाचे अधिकारी येतात, पंचनामा होतो, नमुने घेतले जातात, क्वचित कोणाची बँक हमी जप्त होते. पावसाळा आला की नदी लाल होऊन सगळे धुऊन नेते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपण मोकळे होतो.

अशा वेळी हमखास म्हटले जाते की, ‘उद्योगांनी सामाजिक दायित्व निधीतून नदीसाठी काहीतरी करावे.’ मी हा कायदा थोडा वाचला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. मात्र हा कायदा कंपन्यांचा आहे. आपले सहकारी साखर कारखाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेले आहेत, त्यामुळे हे कलम त्यांना लागूच होत नाही. इचलकरंजीतील बहुतेक प्रोसेस हाऊस, म्हणजे कापड धुणारे-रंगवणारे कारखाने, भागीदारीत किंवा एकट्या मालकाच्या नावावर आहेत, तीही यात येत नाहीत. शिरोली आणि गोकुळ शिरगावातील बहुतांश फाउंड्र्या, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखाने, कंपनी असल्या तरी या मर्यादांच्या कितीतरी खाली आहेत. म्हणजे ज्यांच्या दारातून नदीचा प्रश्न सुरू होतो, त्यांतले जवळजवळ कोणीच त्या २ टक्क्यांच्या जाळ्यात सापडत नाही.

मग उरतो मालक, आणि सहकारी कारखान्याचा मालक म्हणजे आपण सभासद. शेअर आपल्या नावावर आहे, मतदान आपण करतो, संचालक मंडळ आपण निवडतो. खासगी कंपनीकडे बोट दाखवून ‘भांडवलदारांनी नदी नासवली’ असे म्हणण्याची सोय निदान आपल्या जिल्ह्यात आपल्याला नाही. दर दोन रुपयांनी वाढवून मिळावा म्हणून आपण रस्त्यावर उतरतो आणि त्याच कारखान्याचा ओढा काळा झाला की प्रदूषण मंडळाकडे तक्रार करतो. ही तक्रार खरे तर आपलीच आपल्याविरुद्ध आहे.

म्हणून येथे विचारतो. सहकारी संस्थेच्या बाबतीत व्यवसायाची जबाबदारी नेमकी कोणाची आणि ती कोणत्या कागदावर दिसली पाहिजे? केवळ संताप नको, कोणी या क्षेत्रात काम करत असेल तर कृपया तपशील द्यावेत.

रंकाळ्याचा_फिरस्ता

आपली तळमळ समजते, पण आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मान कारखान्यांना देणे मला पटत नाही. जयंती नाल्याच्या काठाने एकदा सकाळी चालत जा. कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे सांडपाणी केंद्र उभे राहून बरीच वर्षे झाली, तरी पंप बंद पडला किंवा पावसाचे पाणी नाल्यात आले की नाला सरळ नदीकडे वाहतो. शिवाय शहराच्या वाढत्या उपनगरांना अजून ड्रेनेज नाही. नदीत जाणाऱ्या घाण पाण्याचे आकारमान पाहिले, तर त्यात तुमच्या-आमच्या घरांचा वाटा सर्वांत मोठा आहे. महापालिका ही काही व्यवसाय नाही, त्यामुळे ‘व्यवसायाची जबाबदारी’ कोणाची, असा प्रश्न ठेवून धागा काढला की हा मुख्य गुन्हेगार आपोआप सुटतो.

ईटीपी_एकवीस_हंगाम

मी २१ हंगाम साखर कारखाना आणि त्याला जोडलेली डिस्टिलरी यांच्या सांडपाणी विभागात काम केले आहे. रंकाळ्याच्या मित्रांचे आकारमानाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. पण नदीला आकारमानाइतकाच भारही मोजावा लागतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जितका प्राणवायू खातात, त्याला आम्ही बीओडी म्हणतो. घरगुती सांडपाण्यात तो लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जो कच्चा स्पेंटवॉश उरतो, त्यात तो ४०,००० ते ५०,००० मिलिग्रॅमपर्यंत जातो. एक माणूस दिवसाला साधारण ४५ ग्रॅम बीओडीची घाण करतो असे धरले, तर कच्च्या स्पेंटवॉशचा १०,००० लिटरचा एक टँकर म्हणजे १०,००० माणसांचे एका दिवसाचे सांडपाणी झाले. अल्कोहोलच्या एका लिटरमागे असा ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. म्हणूनच मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीला एक थेंबही बाहेर सोडण्याची परवानगी नसते. त्याचे बायोगॅस, कंपोस्ट किंवा बॉयलरमध्ये ज्वलन करावे लागते. नियम चांगला आहे, आणि बहुतेक ठिकाणी यंत्रणाही उभी आहे. प्रश्न एखाद्या रात्री लगून, म्हणजे स्पेंटवॉश साठवायचे तळे, भरली की काय करायचे, याचा असतो.

साखर कारखान्याची गोष्ट वेगळी आणि एका अर्थाने जास्त लाजिरवाणी आहे. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना उसाबरोबर रोज साडेतीन हजार टन पाणी आत घेतो. हे पाणी वाफेतून परत मिळवून नीट फिरवले, तर हंगामात नदीतून पाणी उचलण्याची गरज फार थोडी राहते. २०१६ च्या निकषांनुसार शुद्ध केलेले सांडपाणी टनामागे १०० लिटरपेक्षा जास्त सोडता येत नाही, आणि शेतीला पाणी नको असेल त्या काळासाठी १५ दिवसांच्या साठवणीची टाकी ठेवावी लागते. ५,००० टनांच्या कारखान्याचे हे दिवसाचे ५ लाख लिटर झाले. यात अशक्य असे काही नाही.

मग बिघडते कोठे? माझ्या अनुभवात ते दोन ठिकाणी बिघडते. पहिले ठिकाण हंगामाची सुरुवात. ईटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातले, जिवाणू बटण दाबून चालू होत नाहीत. गाळपाच्या आधी पंधरा-वीस दिवस टाकीत शेणकाला, युरिया आणि डीएपी घालून त्यांना वाढवावे लागते. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका छापायला जातात, तेव्हाच ईटीपीत शेण पडायला हवे. प्रत्यक्षात पूजा होते, मोळी पडते, गाळप सुरू होते, आणि मग कोणाला तरी आमची आठवण येते. पहिले पंधरा दिवस पाणी कसेबसे जाते. दुसरे ठिकाण हवा देणारे ब्लोअर. त्यांना वीज लागते, आणि सहवीज प्रकल्प सुरू झाल्यापासून त्या विजेचे प्रत्येक युनिट विकून पैसे मिळतात. एका कारखान्यात रात्री दहानंतर ब्लोअर बंद ठेवण्याची तोंडी सूचना होती. कागदावर ते चोवीस तास चालू होते. प्राणवायू तुटला की जिवाणू मरतात, आणि पुन्हा सावरायला आठवडे जातात. सही करणारा मीच होतो, म्हणून हे दुसऱ्यावर ढकलत नाही.

आता माशांविषयी. पंचगंगेवर राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि नदीचे तलाव होतात. वाहते पाणी स्वतःला थोडेफार सावरते, साठलेले पाणी सावरत नाही, आणि त्यावर केंदाळ (जलपर्णी) पसरले की हवाही लागत नाही. माशांना जगायला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. अशा मृतवत तलावात शहराचे मैलापाणी, प्रोसेसचे पाणी आणि कोणाचा तरी रात्रीचा टँकर एकत्र येतात. किंवा उन्हाळ्याच्या शेवटी बरगे काढल्यावर वरचे सडलेले पाणी एकदम खाली उतरते. म्हणून मासे तेरवाडला मेले, तर दोषी तेरवाडलाच असेल असे नसते, आणि ‘ते पाणी आमचे नव्हे’ हे प्रत्येकाला सांगता येते.

खर्चीवाला

इचलकरंजीकडून थोडे लिहितो. माझे २४ माग आहेत आणि मी खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन पिकावर (आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरीने कापड विणून देणारा. माझ्या मागातून पाणी निघत नाही, निघतो तो खडखडाट. पण माझे ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेले कोरे, कापड पुढे ज्या प्रोसेसला जाते, तेथे सगळा प्रकार होतो. सायझिंगला सुतावर चढवलेली खळ काढणे, ब्लिचिंग, मर्सरायझिंग, मग रंग. खळ काढतानाच्या पाण्यात सेंद्रिय घाण असते, ती जिवाणू खातात. रंगाच्या पाण्यात मीठ असते आणि ते जिवाणू खात नाहीत. रिअॅक्टिव्ह रंग सुती कापडाला धरण्यासाठी भरपूर मीठ लागते. नेहमीच्या ईटीपीतून पाणी स्वच्छ दिसून बाहेर पडते, पण खारट राहते. ते काढायचे, तर आरओ आणि त्यापुढे पाणी आटवण्याची यंत्रणा लागते, जिचा खर्च मीटरमागे मिळणाऱ्या प्रोसेसिंगच्या दरात बसत नाही. येथे १२ दशलक्ष लिटरचे सामूहिक प्रक्रिया केंद्र आहे, पण त्यालाही मीठ पचत नाही.

प्रोसेसवाल्यांची बाजू घेण्याचा हेतू नाही. काळा ओढा आमच्याच गावातून वाहतो. २०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली, तेव्हा आमच्या गल्लीत एकही घर सुटले नव्हते. ती साथ पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याची होती, रंगाची नव्हती, हे मान्य. पण ज्या नदीवर शहर तहान भागवते तिची काय अवस्था झाली आहे, हे तेव्हा आम्हाला दवाखान्याच्या व्हरांड्यात समजले.

माझा मुद्दा वेगळा आहे. प्रोसेसवाला जॉबवर्क करतो, मी जॉबवर्क करतो. कापड कोणाचे? ते मुंबई-अहमदाबादच्या व्यापाऱ्याचे आणि पुढे एखाद्या मोठ्या तयार कपड्यांच्या कंपनीचे. त्या कंपनीच्या वार्षिक अहवालात हिरव्या पानांवर जबाबदारीची सुंदर वाक्ये असतात, आणि तिचा खरेदी विभाग मीटरमागे चार आणे कमी करण्यासाठी आमच्या दोन प्रोसेसवाल्यांना एकमेकांवर घालतो. चार आणे कमी झाले की पहिल्यांदा काय बंद पडते, हे ईटीपीवाल्या साहेबांनी वर सांगितलेच आहे. त्या कंपनीला कलम १३५ लागू आहे. ती २ टक्के खर्च करते, आणि तो बहुधा आपल्या मुख्यालयाच्या जवळ करते. तिच्या कपड्याचे मीठ मात्र पंचगंगेत विरघळते.

भट्टीजवळचा

वरील मुद्द्याला फाउंड्रीतून दुजोरा. आमच्या कास्टिंगचे दर किलोवर ठरतात. वाहन कंपनीचा माणूस वर्षातून एकदा पर्यावरणाचे लेखापरीक्षण करतो, कचऱ्याच्या डब्यांचे रंग तपासतो, कागद पाहून समाधानाने जातो. महिन्याभराने तिच्याच खरेदी विभागाचे पत्र येते की पुढच्या वर्षी दर ३ टक्के कमी करा. वापरून झालेली साच्याची वाळू पुन्हा वापरण्यायोग्य करणे शक्य आहे, पण नवी वाळू स्वस्त आणि जुनी रस्त्याकडेला टाकणे त्याहून स्वस्त पडते. आमच्याकडे नदीपेक्षा कामगाराच्या छातीचा प्रश्न मोठा आहे, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही. तो मात्र वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

नदीकाठची

मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गावाचे नाव लिहिले काय आणि न लिहिले काय, नदीच्या शेवटच्या टप्प्यातले कोणतेही गाव समजा.

आपण सर्वांनी जबाबदारी कोणाची हे फार चांगले मांडले. मी फक्त, ज्यांना शक्य होते त्यांनी काय केले, ते सांगते. कोल्हापूर शहराने काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन टाकली, २०२३ पासून तेथे धरणाचे पाणी येते. इचलकरंजीने आधी पंचगंगा सोडून मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी नेले, मग दूधगंगेचे मागितले, आणि दूधगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. त्या शेतकऱ्यांना मी दोष देणार नाही. पण हे चित्र नीट पाहा. नदी नासवणाऱ्यांत ज्यांचा वाटा मोठा, ती शहरे एकेक करून नळ घेऊन वरच्या अंगाला निघून गेली. जो नदीचे पाणी पितच नाही, त्याला ती स्वच्छ होण्याची घाई कशाला असेल? मागे राहिलो आम्ही, ज्यांना पाइपलाइन परवडत नाही.

आमच्या गावात पाच रुपयांचे नाणे टाकले की वीस लिटर शुद्ध पाणी देणारे यंत्र आहे. एका उद्योगाने ते देणगी म्हणून बसवले. त्यावर देणगीदाराचे नाव यंत्राच्या नावापेक्षा मोठे आहे, उद्घाटनाला मुलींकडून स्वागतगीत म्हणवून घेतले, आणि ते बसवून घेणारी मीच होते. यंत्र शुद्ध करताना जे खारट पाणी वेगळे काढते, ते गटारातून पुन्हा नदीकडे जाते. मुलांना हे यंत्र कसे चालते ते शिकवताना एका मुलीने विचारले, ‘‘बाई, मग त्यांनी पाणी घाण न करताच सोडलं असतं तर?’’ मी तासाची घंटा होण्याची वाट पाहिली.

काळा_कोट_भाऊसिंगजी_रोड

शिरोळकर यांनी कलम १३५ बद्दल लिहिले ते योग्य आहे, पण त्यातून सहकारी संस्था कायद्याबाहेर आहेत असा समज होऊ नये. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ च्या कलम ४७ मध्ये ‘कंपनी’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात कोणतीही निगम संस्था, भागीदारी आणि व्यक्तींचा संघ हे सर्व येते. गुन्हा घडला, तर त्या वेळी कारभाराची जबाबदारी असलेली व्यक्ती दोषी धरता येते. संचालकाच्या संमतीने किंवा दुर्लक्षाने तो घडल्याचे सिद्ध झाले, तर संचालकही. म्हणजे दानाच्या कायद्यातून सहकार सुटला असला, तरी दंडाच्या कायद्यातून सुटलेला नाही. सामान्य सभासद मात्र या कलमाखाली येत नाही. ‘आपण सगळेच मालक, म्हणून आपण सगळेच दोषी’ हे वाक्य ऐकायला उदात्त असले, तरी व्यवहारात ते संचालक मंडळाच्या फार सोयीचे आहे.

‘जो प्रदूषण करील तो भरपाई करील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात देशाच्या कायद्याचा भाग मानले. फेब्रुवारी २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, ज्या उद्योगाला सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा बंधनकारक आहे त्याची यंत्रणा चालू नसेल, तर त्याला चालूच राहू देऊ नये आणि वीज तोडावी. कायद्याची कमतरता नाही. कमतरता माहितीची आहे, आणि तीही मिळवता येते.

फार थोड्यांना ठाऊक असलेली एक तरतूद सांगतो. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ च्या नियम १४ नुसार जल अधिनियमाखाली संमतीपत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र नमुना ५ मध्ये भरून ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचे असते. त्यात पाण्याचा वापर, उत्पादनाच्या एककामागे लागलेले पाणी, बाहेर गेलेल्या प्रदूषकांचे प्रमाण आणि प्रदूषण रोखण्यासाठी केलेला खर्च हे सर्व लिहावे लागते. आपली वार्षिक सभाही ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. एकाच वर्षाचे, एकाच संस्थेचे दोन हिशेब एकाच तारखेला तयार असतात. एक सभासदाला मिळतो, दुसरा मिळत नाही.

अर्धा_एकर

सगळे वाचले. माझा ऊस अर्धा एकर. तोडीसाठी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरतो, तोडणाऱ्यांना वर खुशाली देतो, वजनकाट्याविषयी शंका असली तरी गप्प बसतो, आणि कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवे ते बिल जेव्हा येईल तेव्हा घेतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरले होते, त्यातून तोडणी-वाहतूक गेली की हातात काय राहते ते कोणीही मोजावे. आता त्यातून नदीसाठीही कापा, असे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की मला ते मान्य नाही. आमच्या वडिलांच्या बिलातून परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी कापल्या. त्यांतल्या परतीच्याही परत आल्या नाहीत. डिस्टिलरी कोणाच्या सल्ल्याने उभी राहिली, तिचे ठेके कोणाला गेले, हे सभेत विचारायची माझी ताकद नाही. मालक म्हणून माझी सही फक्त तोट्यावर हवी असते.

शिरोळकर_सभासद

सर्वांचे आभार. रंकाळ्याच्या मित्रांचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. शहराचा वाटा मोठा आहेच, पण त्यामुळे कारखान्याचा वाटा कमी होत नाही. तेरवाडच्या पाण्यात दोन्ही एकत्रच येतात.

अर्धा एकर यांचे म्हणणे मला सर्वांत जास्त लागले, कारण ते खरे आहे. टनाला दहा रुपये नदीसाठी बाजूला काढावेत, पाच लाख टन गाळपाला पन्नास लाख होतात, असे मी सुचवणारच होतो, आणि मसुदाही लिहून ठेवला होता. तो मी फाडला. ज्याला हिशेब दाखवला जात नाही, त्याच्याकडून आणखी वर्गणी मागणे चुकीचे आहे. आधी कागद, मग पैसा. वकील साहेबांनी संचालक आणि सभासद यांच्यात जी रेघ ओढली, तीही मला मान्य आहे. मात्र सभासदाचा दोष दंडाचा नसला तरी ‘मंजूर’ म्हणण्याचा आहेच, आणि त्या गजरात माझाही आवाज अनेक वर्षे होता.

कारखान्याने जबाबदारी घ्यायची ठरवली, तर काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. शिरोळच्या दत्त कारखान्याने क्षारपड जमिनींखाली सच्छिद्र पाइप घालून निचऱ्याचे काम हाती घेतले, आणि जेथे पांढरा खार फुटला होता तेथे पुन्हा पिके उभी राहिली. ते देणगीचे काम नव्हते. जमीन मेली तर ऊस मरतो आणि ऊस मेला तर कारखाना, हे त्यामागचे साधे गणित होते. नदीचे गणित मात्र कोणालाच आपले वाटत नाही, कारण नदीकाठच्या बाई म्हणतात तसे तिचे पाणी पिणारे आणि तिच्यात सोडणारे आता वेगवेगळे झाले आहेत.

म्हणून मागणी एकच ठेवली आहे. पर्यावरण विवरणपत्र नमुना ५ जसेच्या तसे वार्षिक अहवालात, ताळेबंदाच्या पाठीमागे छापावे. यासाठी कारखान्याला एक पैसाही जास्त लागणार नाही. कागद तयारच असतो. ईटीपीवाले साहेब, त्यात आम्ही नेमके काय पाहायचे, एवढे सांगाल का?

ईटीपी_एकवीस_हंगाम

भाग बीमध्ये पाण्याचा वापर असतो, तेथून सुरुवात करा. टन गाळपामागे किती पाणी लागले ते मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या रकान्यांत शेजारी-शेजारी असते. ते वाढले असेल, तर उसातले पाणी वाया जाते आहे. मग भाग सीमध्ये बीओडी पाहा. तो वर्षभर निकषाच्या एका दशांशानेही वर-खाली नसेल, तर तो प्रयोगशाळेतून आलेला नाही, टेबलावर लिहिला आहे असे समजा. आणि एक मागणी माझ्याकडून जोडा. ब्लोअरच्या खोलीला वेगळा वीजमीटर असावा आणि हंगामाच्या पहिल्या व शेवटच्या दिवसाचे त्याचे वाचन अहवालात द्यावे. पाण्याच्या नमुन्यात हेराफेरी होते, नोंदवहीत मीच केली आहे. मीटरच्या दोन आकड्यांमधला फरक लपवणे त्यामानाने अवघड जाते.

शिरोळकर_सभासद

आज कारखान्याच्या कार्यालयात अर्ज दिला, मीटरची मागणी जोडून. आवक विभागातल्या कारकुनाने नमुना ५ म्हणजे काय असे विचारले, मग आत फोन करून आला आणि म्हणाला, ‘‘भरून ठेवलाय म्हणे, पण तो सभासदांना देत नाहीत.’’ मी त्याला तेवढे अर्जाखाली लिहून सही करायला सांगितले. त्याने लिहिले नाही. पोच मात्र घेतली आहे, आवक क्रमांकासह. माहितीच्या अधिकारात हीच प्रत मंडळाच्या कार्यालयाकडे मागण्याचा दुसरा अर्ज सोमवारी टाकतो. इतर कारखान्यांच्या सभासदांना मसुदा हवा असल्यास येथे विचारावे, तो एका पानाचा आहे.

अर्धा_एकर

मसुदा द्या. यात कपात नाही ना, एवढे वाचून मग सही करतो.